मालकाच्या बापासाठी काढलेले केस

तेरवीच्या पंगतीतून मला उठवलं. पत्रावळीवर वरणभात होता, कढी-वडे वाढत वाढत माझ्या रांगेपर्यंत आले होते. पहिला घास तोंडात होता, गिळलाही नव्हता. छोटे मालक पाहुण्यांना हात जोडत येत होते. माझ्यासमोर आले, थांबले आणि नाकाला रुमाल लावला.

"याला उठव रे. बघून जेवण जात नाही माणसाचं."

हे मला नाही, मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरला सांगितलं. माझ्याशी बोलावं एवढीही माझी लायकी नव्हती. सुपरवायझर धावत आला. माझ्या दंडाला धरायची त्याला किळस आली असावी, कारण त्याने पायाने माझी पत्रावळ बाजूला सरकवली.

"उठ गा. तुह्यं डोक्सं पाह्य पहिले आरशात. जा, गेटपाशी बस. तिकडंच डबा पाठवतो तुले."

मी उठलो. घास तोंडात तसाच. सगळी पंगत माझ्या डोक्याकडे पाहत होती.

डोक्यावर काय होतं ते सांगतो. लपवण्यासारखं काही ठेवलंच नाही त्यांनी. कानामागून टाळूपर्यंत लाल पुरळ आणि त्यात पिवळ्या तोंडाचे फोड. काही फुटलेले, काही फुटायच्या बेतात. पू वाळून खपली धरायची आणि खपलीखालून पुन्हा पाझरायचा. सकाळी उठलो की उशीचा अभ्रा डोक्याला चिकटून वर यायचा. वास यायचा. किळस फक्त मालकाला आली असं नाही. मला स्वतःला माझ्या डोक्याची किळस येत होती. पण ते डोकं तीन दिवसांपूर्वीपर्यंत चांगलं होतं. काळेभोर केस होते त्यावर.

हिंगण्याच्या एमआयडीसीत त्यांचा मसाल्याचा कारखाना. मी तिखटाच्या पॅकिंगला, सहा वर्षं कंत्राटी. छोट्या मालकांचे वडील, म्हणजे मोठे मालक, वारले. दहाव्याच्या सकाळी सुपरवायझरने आम्हा सतरा कंत्राटी माणसांना माल चढवायच्या ओट्यावर उभं केलं.

"मोठे मालक आपल्याले बापासारखेच होते का नाही? मंग बापासाठी करते ते करा. अन् पर्मनंटची यादी यंदाच निंगून राहिली, ध्यानात ठेवा."

जबरदस्ती कोणीच केली नाही. असंच सांगतात ते आजही.

एक उलटा ड्रम, एक बादली पाणी, एक न्हावी. आठव्या माणसापर्यंत साबण संपला. मी अकरावा. वस्तऱ्यातलं ब्लेड केस कापत नव्हतं, उपटत होतं. न्हाव्याने घाईघाईत उलट्या बाजूनेही ओढलं. "जरा नवीन लाव ना भाऊ," मी म्हणालो. तो बिचारा हळूच बोलला, "दोनच देल्ले त्याईनं. सतरा डोक्स्यांले दोन. मी काय करू?" मानेवरून रक्ताचा ओघळ आला तो मी शर्टाने पुसला.

वर ऑफिसात छोट्या मालकांसाठी सलूनवाला आला होता. त्याने मशीनने केस बारीक केले. वस्तरा लागलाच नाही. मी सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला, "त्याईची स्किन सेन्सिटिव्ह आहे." आणि त्याच्या स्वतःच्या केसांना तर हातच लावायचा नव्हता. ते म्हणे तिरुपतीला बोललेले होते. देवही बरोबर माणूस पाहून केस मागतो.

मग फोटो काढला. सतरा टकले हात जोडून, मध्ये छोटे मालक. दुसऱ्या दिवशी पेपरात जाहिरात: कामगारांनी कुटुंबप्रमुख गमावला. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा मी.

माझं घर कन्हानला, गाडीवर तासभर लागतो. ताज्या सोललेल्या डोक्यावर हेल्मेट, त्यात घाम, त्यात हेल्मेटच्या आतलं वर्षानुवर्षं न धुतलेलं कापड. घरी पोचेपर्यंत डोकं पेटलं होतं. आईने दार उघडलं आणि दाराची कडी धरूनच उभी राहिली.

"कोण मेलं?"

मी सांगितलं.

"तुह्या बापासाठी नाही काढले," ती म्हणाली. "अन् त्याच्या बापासाठी काढले?"

आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती माझ्यासोबत जेवली नाही.

माझे वडील खाणीत कामाला होते. चार वर्षांपूर्वी गेले. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात मेलेल्या माणसासाठी कोणी मुंडण केलं नाही, पिंड पाडला नाही. वडील गेले तेव्हा शेजारपाजारचे मला म्हणाले, एकुलता एक पोरगा तू, निदान लोकलाजेसाठी तरी काढ केस. आई प्रेताशेजारून उठली आणि सगळ्यांना म्हणाली, याच्या बापाने सांगून ठेवलं आहे, कोणी वस्तरा आणू नका. ज्या बाईने तेव्हा माझं डोकं राखलं, तिच्यासमोर मी हे डोकं घेऊन उभा होतो. कशासाठी? एका यादीसाठी. थू.

दुसऱ्या दिवशी फोड आले. मी खोबरेल तेल चोपडलं, ते जास्तच चिघळलं. कोणी हळद सांगितली, कोणी तुरटी. सगळं लावलं आणि सगळ्यांनी आग झाली. आईने अबोला न सोडता कडुलिंबाचा पाला उकळून पाणी समोर ठेवलं. चौथ्या दिवशी तेरवी. तिथे पंगतीतून उठवलं ते वर सांगितलंच. डबा आला होता गेटवर. तो मी तिथेच ठेवून निघालो.

तेरवीनंतर कारखाना सुरू झाला. पॅकिंगला डोक्यावर जाळीची टोपी घालावी लागते. पण तिखटाची धूळ जाळीला जुमानत नाही. ती घामात भिजून फोडांत उतरली. दहा मिनिटांत मी संडासात होतो, डोकं नळाखाली, आणि तोंडात रुमाल कोंबलेला, ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर आलो तर सुपरवायझर दारात.

"तू पॅकिंगमध्ये येऊ नको. मालात पू पडंल तुहा. पोते उचल. तुम्हा लोकाईले आंघोळ करा लागते हेही सांगा लागते का?"

तुम्हा लोकाईले. सहा वर्षं तो माझ्या डब्यातली भाजी खात होता.

मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाई तरुण होती. तिने हातमोजे घालून सगळं डोकं नीट पाहिलं. नाक मुरडलं नाही. अनेक डोक्यांना एकच ब्लेड, कोरडा वस्तरा, उलटं ओढणं, वरून हेल्मेट आणि तिखट, हे तिने एकेक विचारून काढलं. म्हणाली, तेल बंद, हळद-तुरटी बंद, खाजवायचं नाही, हेल्मेटचं अस्तर रोज धुवायचं, मलम आणि गोळ्या वेळेवर, बरं होईपर्यंत वस्तरा लावायचा नाही. दुसऱ्यांच्या रक्ताचं ब्लेड लागलं म्हणून रक्त तपासायला लावलं, आणि काही महिन्यांनी पुन्हा. मग चिठ्ठी लिहिता लिहिता तिने सहज विचारलं, "घरी कोण वारलं?"

"मालकाचे वडील."

तिचा पेन थांबला. "मग तुमचे केस काहून काढले?"

तिथे स्टुलावर बसून पहिल्यांदा मला फोडांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची शिसारी आली. ड्रमवर बसताना मी स्वतःहून मान खाली घातली होती. कोणी दाबली नव्हती.

रक्त चांगलं निघालं. फोड दीड महिन्याने बसले. केस आले, पण कानामागे रुपयाएवढी जागा बिनकेसांचीच राहिली. त्या जागेवर बोट ठेवत मी वर्ष काढलं. पर्मनंटची यादी तोवर लागलीच नव्हती.

वर्षश्राद्धाला पुन्हा तोच ओटा, तोच ड्रम. सुपरवायझर म्हणाला, उद्या यादीवर सही होणार. छोटे मालक खाली आले होते, फोटो काढायला. रांगेतून माझं नाव पुकारलं. मी पुढे गेलो, पण ड्रमवर बसलो नाही.

"पहिले तुम्ही बसा, मालक. याच वस्तऱ्यानं. मग मी बसतो."

छोट्या मालकांचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला. सुपरवायझर ओरडला, "होश में है का बे तू? मालक हायेत ते!"

"त्याईचा बाप मेला," मी म्हणालो. "माह्या बापासाठी मी नाही काढले. त्याईच्या बापासाठी काढले, ते चुकलं माह्यं. कातडी मलेबी आहे."

मागे सोळा जण उभे होते. एकही माझ्या बाजूने बोलला नाही, आणि ते एकेक करून ड्रमवर बसले. हे मी विसरलो नाही. त्यांच्यावर राग नाही, पण किळस आहे, जशी माझी मला आली होती तशी. यादीतून माझं नाव गेलं, कामही गेलं. आता मी त्याच एमआयडीसीत दुसरीकडे पोती उचलतो.

जुन्या कारखान्याच्या गेटवर सतरा टकल्यांचा तो पहिला फोटो अजून लावलेला आहे. त्यातून माझं तोंड काढा म्हणून कामगार कार्यालयात अर्ज दिला आहे. खाली सही माझ्या एकट्याची. कार्यालयातले म्हणतात, कशाला वाढवतो? वाढवणार. फोटो उतरेपर्यंत दर महिन्याला अर्ज देणार. कानामागची जागा मी टोपीने झाकत नाही. कोणी विचारलं की कारखान्याच्या गेटसमोर उभं राहून सगळं सांगतो. ज्याचा बाप मेला त्याने आपलं डोकं पुढे करावं. माझं मिळणार नाही.