पाच गिअर आणि एक सीट

आमच्या घरची पिकअप माझ्यापेक्षा जुनी सून आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दारात उभीच होती. तिला तीन गिअर, आणि गिअरची दांडी स्टेअरिंगखाली, त्यामुळे पुढच्या लांब सीटवर तिघं सहज मावत. गाडी चालवायचे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. खिडकीपाशी माझी मोठी जाऊ. दोघांच्या मध्ये भाकरीची टोपली. आणि मी मागच्या डाल्यात, म्हणजे माल भरायच्या उघड्या हौद्यात, तांदळाच्या पोत्यांवर.

आमच्यात धाकटी सून भासऱ्याच्या समोर येत नाही, त्याच्याशी बोलत नाही. मग एका सीटवर बसणं दूरच राहिलं. लाखांदूरच्या बाजाराला जाताना मी मागच्या काचेतून जाऊबाईचा अंबाडा पाहत बसायची. टोपलीला जागा आहे, मला नाही! नवरा शेजारीच पोत्यावर घोरत असे, पण त्या बिचाऱ्याकडे लक्ष कोणाचं? सारा जीव त्या अंबाड्यात.

एकदा तर मी कमालच केली. गाडी अंगणात रिकामी दिसली, तशी हळूच कॅबिनमध्ये चढून खिडकीपाशी बसले. मान वाकडी करून जाऊबाईसारखं बाहेर पाहिलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना नजरेनंच रामराम घातले. एवढ्यात भासरे आले. मी पदर ओढून सीटखाली घुसले, पण अर्धी बाहेरच. आता त्यांना मला ‘उतर’ म्हणता येईना आणि मला त्यांच्यासमोरून उतरता येईना. शेवटी त्यांनी पाठ फिरवली आणि गोठ्यातल्या म्हशीला सांगितलं,

“जे कोणी गाडीत बसून आहे, त्यानं उतरून घ्यावं वो. बाजार उठून जाईन.”

म्हैस रवंथ करत राहिली. मीही हलले नाही. जाऊबाई आली, माझे पाय पाहून तिनं कपाळाला हात लावला. “काहून वो लहाने, गाडीत अंडे घालून राहिली का?”

त्या दिवशी पोत्यावर बसून मी मनातल्या मनात शपथ घेतली, की एक दिवस त्या खिडकीत मी बसणार. अक्कल बेताचीच होती, पण शपथा मोठ्या.

भासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी गोठ्याशेजारी धूळ खात पडली होती. यंदा माझ्या लेकाला तिचा पुळका आला. साकोलीहून भंडाऱ्याला नातलगाच्या लग्नाला याच गाडीनं जायचं, म्हणाला. पण हायवेवर चाळीसच्या वर गेली की तिचं इंजिन बोंबलायचं. म्हणून त्यानं गॅरेजात नेली.

“माय, पाच गिअरचा बॉक्स टाकला. मागचा क्राउन-पिनियनबी बदलवला. आता चाकं जोरात पळतीन अन् इंजिन आरामात चालन.”

मी आत डोकावले. नव्या बॉक्सची दांडी तळातून वर आली होती, बरोबर सीटच्या मधोमध. म्हणजे आता चालवणाऱ्याशेजारी एकच जण.

एकच! मी जाऊबाईकडे पाहिलं. तीही दांडीकडेच पाहत होती.

लग्नाच्या दिवशी मी चहासुद्धा न घेता खिडकीपाशी जाऊन बसले. दार आतून घट्ट धरलं. जाऊबाई आली. मी भांडायला तयार, उत्तरं पाठ. पण ती लेकाला म्हणाली, “बापू, आरामखुर्ची डाल्यात बांधून दे मले.”

“मोठी आई, या वयात मागं?”

“अरे, साऱ्या उमरीत एकदा तरी हवा खाऊ दे. आत डिझेलच्या वासानं मले मळमळ होते. तुह्या मोठ्या बाबाले वाईट वाटन म्हणून बोलली नाही कधी.”

गाडी हायवेला लागली. लेकानं पाचवा गिअर टाकला आणि इंजिन एकदम शांत झालं. इतकं, की मागचं सगळं ऐकू येऊ लागलं. जाऊबाई मोटारसायकलवाल्यांशी बोलत होती. कोणाला तरी हात केला. मग गाणं म्हणायला लागली, जोरात. मी मागच्या काचेतून पाहिलं. पांढरा अंबाडा सुटून केस वाऱ्यावर उडत होते. बाई राणीसारखी खुर्चीत!

“समोर पाह्य ना माय,” लेक म्हणाला. “एवढा खर्च हायवेसाठी केला.”

समोर काय पाहायचं? समोर रस्ता होता.

लाखनीला चहाला थांबलो. मी उतरून डाल्यापाशी गेले आणि कपाळ दाबत म्हटलं, “बाई, मलेबी आत मळमळून राहिलं. जरा जागा बदलवू का?”

तिनं बशीतला चहा फुरकन ओढला, पाय लांब केले आणि म्हणाली, “पोते नाही आणले वो लहाने. तू कायवर बसशीन?”