खैरदऱ्याच्या शिवारातले अकरा दगड

खुणेचे दगड तपासत खैरदऱ्याच्या शिवारात शिरलो तेव्हा चौतिसावा दगड जागेवर नव्हता. झुलाल आबांनी सायकल थांबवली, एक पाय टेकला आणि बांधाकडे बघत राहिले. दगड होता तिथे खड्डा होता. उकरलेली माती अजून ओली होती.

"गुरांनी पाडला असेल," मी म्हणालो.

"गुरं खड्डा खणत नाहीत, भाऊ."

पस्तिसावाही नव्हता. छत्तिसाव्याच्या जागीही नुसता खड्डा. सकाळचे साडेसात झाले होते. जळगावहून आलेले अठरा सायकलवाले सातला दोंडाईच्याहून निघाले असणार आणि नऊच्या सुमारास इथे पोचणार होते. डोंगराच्या या बाजूला फोन लागत नाही. त्यांना वाट दाखवायला दगडांशिवाय दुसरं काही नव्हतं.

आबांनी हे दगड का लावले, ते आधी सांगतो. झुलाल आबा रस्त्याच्या कामावर मैलकुली होते. ठरलेल्या आठ किलोमीटरमध्ये खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, किलोमीटरचे दगड रंगवायचे, एवढं काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. त्यांचा जोडीदार जीवराम असाच एक दगड रंगवत बसला असताना मागून ट्रक आला. आबा पाणी आणायला गेले होते म्हणून वाचले. नोकरी सुटेपर्यंत ते त्याच रस्त्यावर काम करत राहिले, पण निवृत्तीनंतर डांबरी रस्त्यावर सायकल घालायची त्यांनी बंद केली. मी त्यांच्या शेजारचा, कापसाच्या जिनिंगमधला जुना कारकून. मला वाटलं, म्हातारा घरात बसेल. उलट ते रोज सकाळी सायकल काढून जुने गाडरस्ते शोधायला लागले.

दोन वर्षांत त्यांनी दोंडाईच्यापासून एक वाट जुळवली. मेथीची जुनी देवळं, तिथून अंजनाच्या झाडांचं जंगल, एक खिंड, आणि पलीकडे उतरून बळसाण्याची देवळं. चाळीस किलोमीटरमध्ये मोटार कुठेच येत नाही. बैलगाडी भेटली तर भेटली. मेथीच्या देवळापाशी त्यांची गाठ पुनीतशी पडली. पुनीत जळगावच्या पिंप्राळ्यातला, घरचं भांड्यांचं दुकान, सुट्टीत मित्रांना घेऊन सायकलवर फिरणारा. तो म्हणाला, "आबा, तुम्ही वाटेवर खुणा करा, मी माणसं आणतो."

आबांनी खुणा केल्या, पण आपल्या हाताच्या सवयीने. दगड घासून डोकं गोल करायचं, डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात, वर गेरूची टोपी, खाली काळा बाण आणि आकडा. प्रत्येक वळणावर एक, असे एकसष्ट दगड. मी एकदा म्हणालो होतो, नुसता रंगाचा ठिपका चालेल की. ते म्हणाले, ठिपका पावसात जातो.

तर त्या दिवशी आम्ही गावात गेलो. निंबाखाली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि तिच्यासमोर आमचे अकरा दगड ओळीने मांडले होते. पंधरा-वीस माणसं होती. पुढे एक चाळिशीचा, अंगाने काटक माणूस होता. त्याचं नाव अभिमन, हे मला नंतर कळलं. ट्रॉलीच्या दांड्यावर त्याची आई तानुबाई बसली होती.

"हाई दगड कोनी रंगाडात?" अभिमनने विचारलं.

"मी," आबा म्हणाले.

"कोनता रस्ता काढी राहिनात? किती फुटी?"

मी मध्ये पडलो. "अहो, रस्ता नाही. सायकलवाल्यांसाठी खुणा आहेत. हे आपले हौशी—"

"तुम्हले इचारं का मी?"

मागून कोणीतरी म्हणालं, "चष्मावाला साहेब दिसस." दोघे-तिघे हसले, पण अभिमन हसला नाही. त्याने सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्यासाठी त्यांची आठ बिघे जमीन गेली. आधी कोणी काही बोललं नव्हतं. एका सकाळी बांधावर पांढरे दगड दिसले, त्यांच्यावर आकडे होते. लोकांना वाटलं असतील कसले तरी. तीन वर्षांनी नोटीस आली. आता पाच बिघे उरलेत, आणि पाच दिवसांपूर्वी त्याच्या उरलेल्या शेताच्या बांधावर तीन पांढरे दगड उगवले.

"तू सरकारना माणूस शे का नही, तेवढं सांग," तानुबाई आबांना म्हणाली.

मला वाटलं, आबा नाही म्हणतील. तसं म्हटलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती.

"होतो," आबा म्हणाले. "बत्तीस वर्षं. रस्त्यावरच होतो."

गर्दी पुढे सरकली. एकाने माझ्या सायकलचं हँडल धरलं. आबांची सायकल अभिमनने आधीच ट्रॉलीला टेकवून घेतली होती.

"म्हंजे रस्ता व्हयी," तो म्हणाला.

"माझ्या दगडांनी होणार नाही. पण होणारच नाही असं मी कसं सांगू? मी गाडरस्त्यांवर खडी पडताना पाहिली आहे. मीच पसरली आहे." आबा ओळीतल्या दगडांकडे वळले. "उद्या कोणी हे दगड बघून म्हणालं, इथे आधीच वाट आहे, तर मी काय करणार? हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

मी आबांकडे बघत राहिलो. माणूस स्वतःच स्वतःला अडकवत होता, आणि साडेआठ होत आले होते.

"नऊला अठरा जण येतील," आबांनीच सांगितलं. "त्यांना काही माहीत नाही."

"येऊ द्या," अभिमन म्हणाला. "बठ्ठास्न्या सायकली ठी लिसुत. मंग बोलाले येईन त्यास्ना साहेब." सगळ्यांच्या सायकली ठेवून घ्यायचा त्याचा बेत होता. मग त्याने ट्रॉलीतून घण काढला आणि आबांच्या पायापाशी ठेवला. "तुम्हीच मांडात. तुम्हीच फोडा."

आबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. मी घण उचलायला वाकलो, तर त्यांनी मला हाताने मागे केलं. पहिल्या घावाला दगड फुटला नाही, चुन्याचा पापुद्रा उडाला. तिसऱ्याला फुटला. पाचव्या दगडापाशी ते थांबले, धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं आणि पुन्हा घण उचलला. आठव्यापासून ते प्रत्येक घावाआधी घण जमिनीवर टेकवत होते. कोणीतरी तांब्याभर पाणी आणलं, ते त्यांनी अकरावा फोडल्यावर घेतलं.

"आता त्यांना मी शिवाराबाहेरूनच परत पाठवतो," आबा म्हणाले. "सायकल दिली तर लवकर पोचेन. नाहीतर चालत जातो."

अभिमन सायकल सोडेना. तेव्हा तानुबाई उठली.

"ज्यास्ले जमीन लेवानी व्हती, त्या जीपमाइन उतरनात नहीत," ती मुलाला म्हणाली. "बांधवर उभ्या जीपमाइन बोट दखाडी गयात." मग ती आबांकडे वळली. "तुना लोकेस्ले सांग, शिवारमा पाय ठेवाआधी खाले उतरा. सायकल हातमा. बठ्ठा गाव देखी."

"आणि नाही उतरले तर?" मी विचारलं.

तिने फुटक्या दगडांकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

अभिमनने सायकली सोडल्या आणि आम्ही त्या हातात धरून त्याच्याबरोबर शिवेवरच्या ओढ्यापर्यंत चालत गेलो. तिथे पोचतो तोच घंट्या ऐकू आल्या. सगळ्यांत पुढे पुनीत होता. आबांनी दोन्ही हात पसरून वाट अडवली आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं.

"आबा, हा गाडरस्ता गावच्या नकाशावर आहे," पुनीत म्हणाला. "मी काढून आणलाय, माझ्याकडे कागद आहे. अडवायचा कोणालाच हक्क नाही."

कागद हा शब्द ऐकला आणि अभिमनचा चेहरा बदलला.

"तो कागद बाहेर काढू नकोस," आबा म्हणाले. "उतर."

"पण आबा—"

"उतर, पुनीत. नाहीतर माघारी जा. माझी वाट इथेच संपली असं समजेन."

पुनीत उतरला. एकेक करत सगळे उतरले. अभिमन ओढ्याच्या काठावर उभा राहून ओठांतल्या ओठांत मोजत होता.

सव्वा किलोमीटरचं शिवार. दोन्ही बाजूंना दादर ज्वारी उभी होती आणि बांधांवर माणसं. डोक्याला हेल्मेट घातलेली, रंगीत कपड्यांतली अठरा माणसं सायकली हातात धरून एका ओळीत चालली होती. फक्त चाकांची टकटक ऐकू येत होती. मी सर्वांत मागे होतो. अर्ध्या वाटेवर सारिका नावाच्या मुलीने दादरीच्या कणसांचा फोटो घ्यायला फोन वर केला. बांधावरचे दोघे ताबडतोब खाली उतरले. आबा जवळच होते. त्यांनी तिच्या फोनवर आपला तळवा ठेवला. घणाने सोललेला, रक्त आलेला हात होता तो. तिने फोन खिशात घातला. ते दोघे बांधावर परत चढले नाहीत, आमच्या बरोबरीने शेवटपर्यंत चालत राहिले.

पुढे उताराला लागल्यावर एका तरुणाचा पाय सवयीने पॅडलवर गेला. आबांनी मागून त्याचं सीट धरलं.

"अजून नाही," एवढंच ते म्हणाले.

शिवार संपतं तिथे अंजनाची दोन झाडं आहेत. तिथून जंगल सुरू होतं. अभिमन आडवाटेने आधीच तिथे येऊन उभा होता. एकेक जण त्याच्यासमोरून गेला. सगळे पलीकडे पोचले तरी कोणीही सायकलवर बसलं नाही. सगळे आबांकडे बघत होते आणि आबा अभिमनकडे.

"अठरा उनात, अठरा गयात," अभिमन म्हणाला. मग आम्हा दोघांकडे बोट करून त्याने मोजणी पुरी केली. "आनि ह्या दोन. वीस. आते सायकलवर बठा."