बाहुलीचा चेहरा आणि मारुतीरावांची पट्टी

अनगोळात त्यांना कुणी नुसतं मारुतीराव म्हणत नसे. ‘पॅटर्नवाले मारुतीराव’ म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सगळी नोकरी काढलेला माणूस. पंपाचं असो की मोटारीचं, जे काही ओतायचं असेल त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबायचा आणि वाळूत उठलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. तो पहिला नमुना मारुतीरावांच्या हातचा. हा चुकला तर पुढचं सगळं चुकणार, म्हणून हा कधी चुकत नाही, असा कारखान्याचा विश्वास. त्यामुळे चूक ही नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी असते हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते तिथून हललं नाही.

निवृत्त होताना त्यांनी कारखान्यातून एकच वस्तू मागून आणली, आपली स्टीलची पट्टी. ही साधी पट्टी नव्हे. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून नमुना जरा मोठाच करावा लागतो. दर मापाला हिशेब कोण करत बसणार? तेव्हा पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवर सेंटीमीटरच मुळात केसभर मोठा कोरलेला असतो. घरी त्यांनी याच पट्टीनं चौरंग केला, देव्हारा केला, बायकोला, राजाबाईंना, मसाल्याचा डबा केला. सगळं चपखल बसलं. बसणारच होतं, कारण डबाही त्याच पट्टीनं मोजलेला आणि झाकणही.

सून प्रियदर्शनी, घरात प्रिया, निपाणीकडची, कोल्हापुरात चित्रकला शिकलेली. मुलगा ओमकार सांबऱ्याला विमानतळावर नोकरीला. तो सकाळी बाहेर पडला की ही माडीवरच्या खोलीत बाहुल्या करत बसायची. साध्या बाहुल्या नव्हेत. हातभर उंच, गुडघ्यात, कोपरात, मानेत गोल चेंडूसारखे सांधे, आतून रबरी दोरी ओवलेली. बसवाल तशी बसणार, मान वळवाल तशी वळणार. डोळे काचेचे, केस वेगळे. हौशी माणसं अशा बाहुल्या जमवतात आणि जपून कपाटात ठेवतात हे मारुतीरावांना प्रथम खरंच वाटलं नाही. गल्लीत कुणी विचारलं, “सूनबाई काय करतात हो?” तर ते सांगत, “डिझाइनचं काम हाय, कंपनीचं.” बाहुली हा शब्द त्यांच्या तोंडातून निघत नसे.

मग बेंगळुरूच्या नीलम मॅडमचा फोन आला. त्यांचा बाहुल्या जमवणाऱ्या बायकांचा एक गट होता, आणि त्या सगळ्यांना प्रियाच्या हातची एकेक बाहुली हवी होती. मॅडमनी एवढंच विचारलं होतं, की डोकं कुठल्या पद्धतीचं करणार?

प्रिया ते समजवायला सासऱ्यांपुढं एक जुनी बाहुली घेऊन बसली.

“मामा, डोकं आतून पोकळ असतंय. डोळे बसवायचे, मानेची दोरी अडकवायची, म्हणून ते उघडायला लागतंय. आता उघडायचं कुठनं, ह्याच्या दोन तऱ्हा हाईत. एक म्हणजे मागनं टोपी निघते, नारळाच्या करवंटीसारखी. चेहरा डोक्याला कायमचा. दुसरी म्हणजे डोकं मानेवर तसंच ऱ्हातंय आणि चेहराच पुढनं निघतोय. मग एकाच बाहुलीला जागा चेहरा लावा, झोपलेला लावा.”

“तुला कुठली पायजे?”

“चेहरा निघणारी. पण त्यात चेहऱ्याची कड आणि डोक्याची कड एकजीव बसायला लागते. जरा पायरी ऱ्हायली की कानापुढं रेघ दिसते.” ती जरा थांबली. “चेहरे मी करीन. मागचा भाग तुम्ही करून द्याल काय? जोड म्हणजे तुमचंच काम.”

इतक्या वर्षांत कुणी मारुतीरावांना असं विचारलं नव्हतं. त्यांनी आढेवेढे घेतले, पण दुसऱ्या दिवशी सागवानाचा तुकडा शोधायला लागले. प्रियानं कागदावर मापं काढून दिली. तिनं त्या मापांनी आपल्या प्लास्टिकच्या पट्टीनं दोन चेहरे घडवले, एक जागा, एक मिटल्या डोळ्यांचा. मारुतीरावांनी त्याच मापांनी मागचा भाग कोरला, आपल्या पट्टीनं.

जोडायच्या दिवशी शेजारचा आण्णाप्पा चहाला आलेला. तोही त्याच फौंड्रीत वाळूचे साचे भरायचा. प्रियानं चेहरा लावला. भोवतीनं पायरी. नखाच्या जाडीएवढी, पण पायरी. दुसरा लावला. तसंच.

मारुतीरावांनी पट्टी काढली आणि चष्मा वर करून चेहरा मोजला.

“पाऊण मिलिमीटर कमी. दुसरा आण. ह्योबी कमी.” आणि मग, आण्णाप्पा ऐकतोय हे ठाऊक असूनच, ते मोठ्यानं म्हणाले, “हौसंचं काम असंच असतंय बघ. चित्र काढणं वेगळं, माप वेगळं. कारखान्यात असतीस तर सांजच्याला घरला पाठवलं असतं तुला.”

आण्णाप्पा हसला. प्रियाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

“मी मोजलं होतं, मामा.”

“मग पट्टी खोटी असंल तुझी.”

तिनं चेहऱ्याच्या कडेला पुट्टी चढवून बघितली. जागा चेहरा गालगुंड झाल्यासारखा दिसायला लागला. तिनं पुट्टी खरवडून काढली आणि दोन्ही चेहरे बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिले. राजाबाई आत भाकऱ्या थापता थापता नवऱ्याला म्हणाल्या, “चारचौघांत बोलायची काय गरज होती त्या पोरीला?”

दोन दिवसांनी प्रियानं नीलम मॅडमना कळवलं, की चेहरा निघणारं डोकं आपल्याला जमत नाही, मागून टोपीचंच करू. मॅडम हिरमुसल्या, पण बरं म्हणाल्या. आता जागा चेहरा नव्या डोक्याला कायमचा चिकटवायचा आणि सगळ्या बाहुल्यांची डोकी काढायला त्यावर रबराचा साचा ओतायचा, एवढंच राहिलं होतं. एकदा चिकटवला की संपलं. झोपलेल्या चेहऱ्याला मग काही कामच उरणार नव्हतं.

मारुतीरावांना थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला, बरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बोलून दाखवायची सवय नव्हती, तेव्हा त्यांनी सुनेच्या बाहुलीसाठी सागवानी पेटी करायला घेतली, पुढून काच लावलेली. पेटी सुंदर झाली. काचेचं माप घेऊन ते सन्मतीच्या दुकानात गेले, काच कापून आणली, खाचेत घातली आणि ती पलीकडून सुळकन आत पडली. नशीब, आत जुनं धोतर अंथरलेलं होतं.

ते काच आणि पेटी दोन्ही घेऊन तणतणत दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, म्हणून आवाज आणखी चढला.

“सन्मती, डोळं कुठं ठेवलतास? साठ सांगितलं तर साठ कापायचं. ही काच साठ हाय?”

सन्मती फोनवर कुणाशी तरी कन्नडात बोलत होता. त्यानं फोन खांद्यात धरूनच काचेवर आपला टेप टाकला. साठ. बरोबर साठ.

“माझ्या पट्टीनं बघ!”

त्यानं शांतपणे मारुतीरावांची पट्टी घेऊन आपल्या टेपला लावली. सुरुवातीला दोन्ही बरोबर चालल्या. पुढं पुढं पट्टीचे आकडे टेपच्या आकड्यांना मागं टाकत गेले.

“मारुतीराव, ही पट्टी कसली ओ?”

ती पट्टी कसली हे अख्ख्या अनगोळात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी ती पन्नास वेळा नव्या पोरांना शिकवली होती. गिऱ्हाइकांतला एकजण फिसकन हसला, पण मारुतीरावांना तो ऐकू आला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं दोन चेहरे आले होते, एक जागा, एक झोपलेला. दोन्ही सारखेच कमी. दोन्ही सारखेच कमी आले तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. पोर चुकली तरी अशी एकसारखी चुकत नाही. लाजेनं त्यांची कानशिलं तापली. काच सन्मतीकडंच ठेवून ते रिकामी पेटी काखेत मारून घरी निघाले.

आता सरळ घरी जाऊन सांगायचं होतं. एका वाक्याचं काम. पण सासऱ्यानं सुनेपुढं जाऊन चुकलो म्हणायचं, हे त्यांनी आपल्या वडिलांच्या घरी कधी बघितलं नव्हतं, आजोबांच्या तर नाहीच. चालता चालता डोक्यात वेगळंच शिजायला लागलं. मागचा भाग थोडा घासला तर बसेल. कुणाला काही सांगायला नको. उलट, मामांनी जमवलं असंच म्हणतील.

घरी आले तर प्रिया बाजारात गेलेली. मारुतीराव माडीवर गेले, मागचा भाग घेतला आणि चोरासारखे कान दाराकडं लावून घासत बसले. हात सुरेखच चालला. जागा चेहरा लावला, बसला. झोपलेला लावला, तोही बसला. आपल्याच घरात आपण लपून काम करतोय हे त्यांना जाणवत होतं, आणि हात तरीही थांबत नव्हता.

संध्याकाळी आण्णाप्पा आल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. “प्रिया, ते डोकं बघ गं जरा.”

तिनं चेहरा लावला. काढला. दुसरा लावला. कडेवरून बोट फिरवलं. डाव्या कानापुढं बोट क्षणभर अडलं असं मारुतीरावांना वाटलं, पण ती काही बोलली नाही. तिचा चेहरा असा उजळला, की त्यांना मान वर करवेना.

“मामा! कसं काय केलासा हे?”

“हात हाय गड्या तुझा,” आण्णाप्पा म्हणाला. “सुनंची चूक बरोबर झाकलास बघ.”

मारुतीराव नुसते गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण ते हसले. ते हसू पुढं कित्येक दिवस त्यांना आठवत राहिलं.

प्रियानं तिथंच फोन तोंडाजवळ धरून नीलम मॅडमना निरोप बोलायला सुरुवात केली. “मॅडम, चेहरा निघणारंच डोकं करूया. माझं माप चुकलं होतं, आमच्या मामांनी सांभाळून घेतलं. मला अजून लई शिकायला पायजे.”

मारुतीरावांना बसवेना. ते उठून उभे राहिले.

“गेला काय त्यो निरोप?”

“गेला की.”

“मग दुसरा पाठव. तुझं माप चुकलं न्हवतं.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. “माझं चुकलं. ही लोखंडाची पट्टी. तुझ्या बाहुलीत कुठलं आलंय लोखंड?”

आण्णाप्पा फौंड्रीतला, त्याला पुढं सांगायला लागलं नाही. “मारुती, आक्रसायची पट्टी लावलास व्हय रं?” असं म्हणून तो हसायला गेला आणि मित्राचं तोंड बघून मधेच थांबला.

“लावलो. वर ह्याच पट्टीनं तुझे चेहरे मोजलो, आणि ह्याच्यासमोर तुला बोललो. आणि आज दुपारी गुपचूप घासून कमी केलो ते बी बोललो न्हाय. लाज वाटली गं मला.”

राजाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. ‘असू दे मामा, होतंय असं’ असं प्रिया म्हणेल म्हणून सगळे थांबले. ती तसं काही म्हणाली नाही.

“म्हणजे माझे चेहरे बरोबर होते?”

“पहिल्यापासनं. दोन्ही.”

तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीकडं बघत राहिली.

“मी माझी पट्टी मोडून टाकली, मामा. खोटी म्हणून.”

मारुतीरावांनी चपला घातल्या. शाळेजवळच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात मुलांची गर्दी होती. दुकानदारानं त्यांना बघून हात पुसले.

“काय देऊ, मारुतीराव?”

“पट्टी. शाळंची.”

“नातवाला व्हय? कंपास बी बघा की नवीन आलेला.”

“नातू न्हाय अजून. मलाच पायजे.”

मुलं त्यांच्याकडं बघायला लागली. पट्टी हातात घेतल्यावर सवयीनं तिची दुसऱ्या पट्टीशी तुलना करायला त्यांचा हात खिशात गेला, आणि खिसा रिकामा आहे हे लक्षात येऊन मागं आला.

घरी येऊन त्यांनी ती प्रियाच्या हातात दिली आणि मागचा भाग तिच्यापुढं सरकवला. “मोज.”

“तुमचं?”

“माझंच. मोज.”

प्रियानं मोजलं. वरून, खालून, आडवं. आण्णाप्पा कप तसाच धरून बसला होता. मारुतीराव टेबलापाशी उभे होते, हात मागं बांधून.

“डाव्या कानापुढं अजून केसभर जास्त हाय, मामा,” ती त्यांच्याकडं सरळ बघत म्हणाली. “मगाशीच कळलं होतं मला. बोलले न्हवते.”

“कुठं? खूण कर.”

तिनं पेन्सिलीनं रेघ मारली. मारुतीराव खाली बसले आणि पॉलिश पेपर शोधायला लागले.