उजवीकडे जाणारा चेंडू

मेडशीला आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात ते रोज सकाळी एकटेच गोल्फ खेळतात. त्यांचा चेंडू हमखास उजवीकडे वळून धाकट्या भावाच्या तुरीत जायचा. वाटणीपासून दोघांत बोलणं नव्हतं. भाऊ चेंडू शोधून मुकाट्याने दोन वावरांमधल्या धुऱ्यावर आणून ठेवायचा.

"मारताना काठीचं तोंड उघडं राह्यते, म्हून चेंडू वळते," सुभेदार मला सांगायचे. डावी मूठ थोडी उजवीकडे फिरवून त्यांनी महिनाभर सराव केला. चेंडू सरळ जाऊ लागला.

एका सकाळी भाऊ धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

"दादा, चेंडू काहून नाही येऊन राह्यला?"

सुभेदारांनी पुढचा चेंडू मांडला. मूठ पुन्हा पहिल्यासारखी धरली आणि चेंडू तुरीत पाठवला.