लॅमिनेट केलेला जन्मदाखला

माझ्या दिराला प्रेम बोलून दाखवता येत नाही. तो लॅमिनेशन करून देतो.

एका शटरएवढं त्याचं दुकान. दोन झेरॉक्स मशीन, कागद कापायचा लांब पात्याचा कटर आणि काउंटरच्या टोकाला लॅमिनेशनचं मशीन. सकाळी लाल दिवा लागतो, हिरवा झाला की गरम प्लास्टिकचा वास सुटतो तो शटर पडेपर्यंत. माझी मॅट्रिकची गुणपत्रिका त्याने प्लास्टिकात घातली आहे. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी लिहून दिलेलं पथ्य घातलं आहे. मला गुडघ्यांचे व्यायाम सांगितले, तर दुसऱ्या दिवशी तो कागद चकचकीत होऊन फ्रिजवर चिकटलेला. व्यायाम मी केले नाहीत, कागद मात्र अजून ठणठणीत आहे. "कागद तीन गोष्टींनी मरतो वहिनी," तो म्हणायचा. "पाणी, घाम आणि घडी." तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहोजाहो करते. लिहिताना एवढा मान मला परवडत नाही.

एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत त्याचं लग्न झालं नव्हतं आणि आम्ही विषय सोडून दिला होता. दुकानासमोरच्या इमारतीत एक निवृत्त हेडमास्तर अंथरुणाला खिळून होते. त्यांची देखभाल करायला एक फिलिपिनो बाई होती. मास्तरांचे रिपोर्ट घेऊन ती झेरॉक्सला यायची. दीड वर्ष ही दोघं कागदाच्या साइझवर बोलत होती. मग एका दुपारी जेवता जेवता हा म्हणाला, "वहिनी, आम्ही रजिस्टर केलं." मला वाटलं दुकान रजिस्टर केलं.

आठ दिवस मी धुमसत होते. बाई परक्या देशाची म्हणून नव्हे, मला आधी सांगितलं नाही म्हणून. नवव्या दिवशी जाऊ घरात आली आणि तिने माझी घासायला पडलेली भांडी न विचारता घासून टाकली. राग ठेवायला जागा उरली नाही. नवरा म्हणतो म्हणून तीही मला वहिनीच म्हणते. "अगं, मी तुझी जाऊ, ताई म्हण," असं महिनाभर सांगितलं, मग नाद सोडला.

मास्तर गेले आणि घोडं अडलं. तिचा व्हिसा त्यांच्या नोकरीवर होता. नोकरी संपली, आता इथे राहायचं तर नवऱ्याच्या नावावर नवा अर्ज. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून तेवीस कागदांची यादी मिळाली. तिचा जन्मदाखला तिच्या देशातून, अस्सल, शिक्क्यासकट. पोलिसांचा दाखला. या लग्नाआधी तिचं लग्न झालेलं नव्हतं याचा दाखला. न घडलेल्या गोष्टीचाही दाखला मिळतो हे मला तेव्हा कळलं. संसार खरा आहे हे दाखवायला दोघांचे एकत्र फोटो. या दोघांकडे फोटो चार, आणि चारही फोटोंत हा बाबा शटरकडे बघतोय. मीच दोघांना खिडकीत बसवून, स्वयंपाकघरात उभं करून वीस फोटो काढले. हसा म्हटलं की दोघं डॉक्टरला दात दाखवतात तसे दाखवत.

यादीच्या खाली एक नियम होता. निकाल लागेपर्यंत अर्जदाराने देश सोडायचा नाही. सोडला, तर अर्ज मागे घेतला असं समजलं जाईल. राहायचं असेल तर हलायचं नाही, एवढंच.

कागद जमवायला सात महिने गेले. तारखेच्या आदल्या दिवशी दिराने फाइल लावली. कोपऱ्याला कोपरा, क्रमांकाच्या चिठ्ठ्या, सगळं देखणं. आम्ही तिघं गेलो. काउंटरवरच्या बाई जरा पोक्त होत्या, चष्मा कपाळावर. एकेक कागद उलटत त्या जन्मदाखल्यापाशी थांबल्या. तो आरशासारखा चकाकत होता.

बाईंनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग कागद उजेडाकडे तिरपा धरला.

"हे कोणी केलं?"

"मी," दीर म्हणाला. त्याला वाटलं कौतुक होतंय. "एकशेपंचवीस मायक्रॉनचं प्लास्टिक. पन्नास वर्षं काही होणार नाही."

"यावर दाबून उठवलेला शिक्का असतो, बिनशाईचा. तो हाताला लागावा लागतो. तुमच्या मशीनने तो सपाट केला. हा आता आमच्या लेखी अस्सल नाही." त्यांनी दाखला वेगळा काढून ठेवला. "साठ दिवसांत नवीन आणा, नाहीतर अर्ज बंद होईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला त्याला तिथेच चार शब्द सुनवायचे होते. पण जावेने दाखला उचलला, आपणही त्यावरून अंगठा फिरवला आणि पिशवीत ठेवला. बसमध्ये तिघं तीन सीटवर बसून घरी आलो.

घरी त्याने प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला. इस्त्री लावली, ब्लेड लावलं. कागदाचा वरचा पापुद्रा तिच्या नावासकट प्लास्टिकबरोबर निघून आला.

नवीन दाखला काढायचा तर जिचा तिने जातीने जायचं, नाहीतर आईबापांपैकी कोणी. हिने देश सोडायचा नाही. वडील केव्हाच गेलेले. राहिली आई, वय एकाहत्तर, बेटावरच्या गावात. तिथून बोट, पुढे पाच तास बस, मग ते ऑफिस. फोनवर म्हातारीचं नुसतं कपाळ दिसायचं, फोन कसा धरायचा ते तिला कधी जमलं नाही. लेकीने सांगितल्यावर ते कपाळ दोनदा हललं. "जाते म्हणाली," जावेने आम्हाला सांगितलं.

म्हातारी गेली. पहिल्या दिवशी चार तास उभी राहिली, आणि ओळखपत्रावरची सही जुळत नाही म्हणून परत पाठवली. लांबच्या भाचीकडे रात्र काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली. बावन्नाव्या दिवशी पाकीट आमच्या दारात आलं. आत दाखला होता आणि त्याला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी. रांगेच्या मशीनमधून निघते ती, टोकनची, दोनशे चौदा नंबर.

"ही कशाला पाठवली?" मी विचारलं.

"आईला वाटलं, इथे पण नंबर दाखवावा लागेल." जाऊ थोडं हसली. बऱ्याच दिवसांनी. दाखला तिने दिराच्या हातात दिला नाही, स्वतःच्या कपाटात ठेवला. चोपन्नाव्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आता वाट बघा. राहायच्या परवान्याचं कार्ड पोस्टाने येईल."

त्यानंतर अकरा दिवसांनी म्हातारी चुलीपुढे पडली. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं.

दीर म्हणाला, "तू जा. अर्ज गेला खड्ड्यात." त्याच दिवशी तो कार्यालयात जाऊन विचारूनही आला. बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं, त्यांना दोष देता येत नाही. जायला कोणी अडवत नाही. फक्त हा अर्ज संपेल. नवीन अर्ज तिकडून करायचा, त्याला साधारण दोन वर्षं.

"मग दोन वर्षं," दीर म्हणाला. "मी थांबेन."

"आई दोन दिवस उभी राहिली," जाऊ म्हणाली. "मी गेले तर ते फुकट."

मीही तिला रागावले. म्हटलं, आई काही दुसरी मिळत नाही, कागद ढीगभर मिळतात. तिने माझं ऐकून घेतलं आणि फोन माझ्यापुढे धरला. शेजारची बाई फोन धरत असल्यामुळे आता म्हातारीचा पूर्ण चेहरा दिसत होता. वाकड्या तोंडाने ती एकच शब्द काढत होती. तो मलासुद्धा कळला. "कार्ड?"

रोज संध्याकाळी तेच. कार्ड आलं का? जाऊ म्हणायची, उद्या. म्हातारी एक डोळा मिटायची. मग फोन बंद. मला वाटतं, त्या दोघींत तो करार झाला होता आणि त्यात आम्हाला जागा नव्हती. जाऊ सकाळी पोस्टमनची वेळ झाली की दारात उभी राहायची. तो गेला की भाजी निवडायला बसायची. दिराने जेवण अर्ध्यावर आणलं. मी देवाजवळ म्हातारीसाठी आणि कार्डासाठी एकाच दमात मागायचे, आणि कोणतं आधी मागावं ते मला ठरवता यायचं नाही.

पडल्यापासून सव्विसाव्या दिवशी म्हातारी गेली.

जावेने तिला फोनवर पोहोचवलं. डब्याला टेकवून फोन उभा केला होता. तिकडे माणसं गात होती, इकडे ती वाळलेले कपडे घडी करत होती. सगळे झाल्यावर तिने घडी केलेला एक टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी केला. ती रडली नाही. मीही नाही. मला काहीच वाटत नव्हतं, आणि याचीच मला लाज वाटली. दीर दुकानात जाऊन बसला. कुठल्याशा कंपनीची चाळीस ओळखपत्रं होती, ती त्याने एकामागून एक मशीनमध्ये सोडली.

कार्ड एकोणीस दिवसांनी आलं. पाच वर्षं राहता येईल, हवं तेव्हा जाऊन परत येता येईल. ते कार्ड प्लास्टिकचंच होतं. दिराने कडेवरून नख फिरवलं. "चांगलं सील केलंय," तो म्हणाला.

"हं," जाऊ म्हणाली.

"आता जाऊन येता येईल तुला."

"कोणाकडे?"

आम्ही तिघं चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात मी डबा द्यायला दुकानात गेले, तर जाऊ काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाइकासारखी उभी होती. झाल्या प्रकारानंतर तिने त्याच्या मशीनकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तिने पासपोर्ट उघडला आणि त्यात जपलेली ती टोकनची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली.

"हे करून दे."

मशीनचा दिवा हिरवा होता. दिराने चिठ्ठी उचलली, उलटी केली, कोपऱ्यावर नखाने एक रेघ ओढली. रेघ काळी उमटली.

"हे होणार नाही," तो म्हणाला. "हा उष्णतेचा कागद आहे. मशीनमध्ये घातला की सगळा काळा पडेल."

"आणि नाही घातला तर?"

"तर आपोआप पुसट होत जातो."

"किती दिवसांत?"

"अंधारात ठेवला, हात कमी लावला, तर वर्ष. फार तर दोन."

त्याला राहवलं नाही. त्याने चिठ्ठीची झेरॉक्स काढली. नंबर गडद केला, चिठ्ठीच्या मापाने कापली, प्लास्टिकात घालून मशीनमधून काढली, चारी कोपरे गोल केले, शर्टाने पुसली. इतकं जपून केलेलं काम मी त्याच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. मग ती त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली.

तिने त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. अगदी त्या काउंटरवरच्या बाईंसारखा. आणि ती वस्तू त्याच्याकडे परत सरकवली.

"ही कॉपी आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नियम सांगावा तसं सांगितलं.

अस्सल चिठ्ठी तिने पासपोर्टमध्ये ठेवली आणि घरी निघून गेली. दिराने भर दुपारी मशीनचं बटण बंद केलं. मी डबा उघडून दिला, त्याने तो तसाच झाकला.

याला आता वर्ष होऊन गेलं. ती दोघं नीट आहेत, भांडणं नाहीत. ती दुकानात बसते, झेरॉक्स काढते, लॅमिनेशनचं गिऱ्हाईक आलं की नवऱ्याला हाक मारते. पासपोर्ट कपाटात, कपड्यांच्या तळाशी. ती तो महिन्यातून एकदाच उघडते, उजेड लागू नये म्हणून.

काल मी विचारलं, नंबर दिसतोय का अजून.

"दोन दिसतो," ती म्हणाली. "एक पण दिसतो. चार गेला."