जॅकेट दाराबाहेर फुगवायचं

पाणी आरशासारखं शांत होतं, आणि कॅप्टन शेखावतांना नेमकं तेच नको होतं.

"मेश्रामजी, बोटवाल्यांना सांगा, मधून एक फेरी मारा," ते हेडसेटवर म्हणाले. "मला लाटा पाहिजेत."

मी हातातल्या सेटवरून निरोप दिला. खाली धरणाच्या जलाशयात आमची रेस्क्यू बोट सुरू झाली.

आमचं विमान फ्लोटप्लेन होतं. विमानाच्या पोटाखाली दोन लांब पोकळ होड्या असतात, त्यांना फ्लोट म्हणतात. त्यांच्यातून छोटी चाकंही बाहेर येतात, म्हणून ते धावपट्टीवरून उडतं आणि पाण्यावर उतरतं. जयपूरहून पर्यटकांना असं जलाशयांवर न्यायचं, हा आमच्या कंपनीचा बेत. जयपुरातच झालाना भागात छोटंसं ऑफिस होतं आणि मी तिथे सेफ्टी ऑफिसर. त्या सकाळी ट्रायल होती. पुढे कॅप्टन, मागे डावीकडच्या दाराशी मी आणि माझ्या उजवीकडे प्रोजेक्ट हेड माथूरसाहेब. काठावर शामियाना टाकून काही अधिकारी वाट बघत होते.

स्थिर पाणी म्हटलं की लोकांना बरं वाटतं. पायलटला नाही वाटत. त्या पाण्यात नुसतं आभाळ दिसतं, आणि आपण किती उंचीवर आहोत ते नजरेला कळेनासं होतं. लाटा असल्या की पाणी दिसतं. म्हणून बोट फिरवायची.

बोटीने लाटा उठवल्या, पण आम्ही वळून येईपर्यंत त्या विरून गेल्या. कॅप्टननी विमान पुन्हा वर घेतलं. माथूरसाहेबांनी काठाकडे एकदा पाहिलं, पण घाई केली नाही. हे मी नंतर अपघाताच्या चौकशीतही सांगितलं. दुसऱ्या वेळी कॅप्टन म्हणाले की काठाच्या कडेने येतो, झाडं बघून उंचीचा अंदाज घेतो. ही रीत बरोबरच आहे. फक्त काठावरची झाडं संपली तरी विमान पाण्याला टेकलं नव्हतं.

मग पाणी एकदम आलं. कॅप्टनच्या हिशेबाने अजून थोडं अंतर बाकी होतं. फ्लोटांची टोकं पाण्यात रुतली, शेपूट वर गेलं आणि विमान पुढच्या पुढे उलटं झालं.

आवाज फार मोठा झाला आणि नंतर अजिबात नाही. मी पट्ट्याला उलटी लटकले होते. नाकात थंड पाणी शिरत होतं. अशा वेळी वर कुठे, खाली कुठे, काही समजत नाही. म्हणून शिकवतात ते इतकंच: एक हात दाराच्या हँडलवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. विमान हलायचं थांबेपर्यंत दोन्ही सोडायचे नाहीत. पट्टा आधी सोडला की माणूस तरंगत भलतीकडे जातो आणि दार हरवतं.

मी हँडल ओढलं. दार हललं नाही. बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही, केबिन भरली की देतो. हे मला पाठ होतं. तरी हललं नाही तेव्हा वाटलं, संपलं. पुन्हा ओढलं, खांदा लावला, आणि ते उघडलं. मग पट्टा सोडला आणि चौकट धरून उजवीकडे हात घातला. सीट रिकामी होती, पट्टा नुसताच लोंबत होता. मला वाटलं, साहेब दुसऱ्या बाजूने निघाले.

मी वर आले. विमान फ्लोटांना खालून लटकल्यासारखं तरंगत होतं. कॅप्टन त्यांच्या दाराने बाहेर आले होते, कपाळ फुटलं होतं.

"माथूर?" त्यांनी विचारलं.

पाण्यावर आम्ही दोघंच होतो. बोट येत होती, पण अजून लांब होती.

बाहेर पडलेल्याने पुन्हा आत जायचं नाही, हा नियम मीच शिकवते. आत गेलेले पुष्कळदा परत येत नाहीत. हे माहीत असूनही मी कॅप्टनना म्हटलं, "माझा पाय धरा. सोडू नका."

माझं लाइफ जॅकेट मी फुगवलं नव्हतं, म्हणून बुडी मारता आली. कंबरेपर्यंत आत गेले. हाताला एक बूट लागला. ओढला, तर माणूस जरा खाली आला आणि चेंडूसारखा परत वर गेला. तेव्हा कळलं. त्यांनी दोरी ओढून जॅकेट आतच फुगवलं होतं. उलट्या विमानात फुगलेलं जॅकेट माणसाला वर, म्हणजे केबिनच्या जमिनीला नेऊन चिकटवतं. दार राहतं खाली. कितीही ताकद लावा, पोहता येत नाही.

मी चाचपडत त्यांच्या कंबरेशी पोचले. जॅकेटचा पट्टा सापडला, बकल सापडेना. छातीत जळायला लागलं होतं. ते मला धरू पाहत होते, त्यांची बोटं माझ्या केसांत अडकली. शेवटी बकल बाजूला सरकलेलं मिळालं. ते उघडून जॅकेट त्यांच्या डोक्यावरून ओढलं, शर्ट मुठीत धरला आणि पाय झटकला. कॅप्टननी दोघांना एकदमच बाहेर खेचलं.

साहेब निळे पडले होते. फ्लोटवर पालथे टाकल्यावर पाणी ओकले आणि खोकायला लागले. तो खोकला ऐकून मला रडू फुटलं. बोट आली तरी थांबेना.

ते काही दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मी भेटायला गेले.

ते म्हणाले, "पाहुण्यांना ती सूचना मी स्वतः द्यायचो, नीताजी. जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवा. माझ्याच हाताने दोरी आतच ओढली."

मला ते उत्तर पुरेना. साहेबांनी ट्रेनिंग टाळलं नव्हतं. तरणतलावात केबिनसारखा पिंजरा उलटा करून आम्हाला पाण्याखाली बसवलं होतं, आणि ते दर वेळी नीट बाहेर आले होते. मी त्या ट्रेनिंगचं शूटिंग मागवलं. दर वेळी पट्टा सुटला की त्यांचा हात सरळ जॅकेटच्या दोरीवर जात होता. काही बिघडत नव्हतं, कारण सरावाच्या जॅकेटात गॅस भरलेलाच नसायचा. आणि काही बिघडलं नाही, म्हणून कोणी टोकलंही नाही.

चौकशीत कॅप्टनचा अंदाज चुकल्याची नोंद झाली. ते आता धावपट्टीवरच उतरतात. आमची सेवा बारगळली आणि मी ट्रेनिंगच्या कामाला लागले. माझ्याकडे सरावालाही गॅस भरलेली जॅकेटं असतात. बरे झाल्यावर माथूरसाहेब आपणहून आले आणि पिंजऱ्यात बसले. पहिल्या खेपेला त्यांनी परत दोरी ओढली, आणि पाणबुड्याने त्यांना सोडवलं. पुढच्या खेपेला हात दोरीपर्यंत गेला, थांबला आणि दाराकडे वळला.

पाण्याखाली डोकं विचार करत नाही, हात जे शिकलेले असतात तेच करतात. चुकीचंही ते तेवढ्याच इमानाने शिकतात. म्हणून मी लोकांना सांगते, काय चुकायचं ते तरणतलावात चुका. तिथे काठाला शिडी असते.