तात्यांच्या शेतातली रेघ

कालव्याचं पाणी आमच्या शिवाराच्या कडेला आलं आणि तिथंच थांबलं. पुढं डाळिंबांपर्यंत ते न्यायला आम्ही काही शेतकऱ्यांनी गट केला. पाइपांचा भाव मी पाडला. शहरात, विश्रामबागेतल्या दुकानदाराशी भांडून, दोनदा दुकानातून उठून. पाइपलाइनची रेघही मीच आखली, दोरी धरून, चुन्याची पांढरी फक्की टाकून. सरळ म्हणजे सरळ.

ती तात्यांच्या शेतातून जात होती. तात्या तेव्हा मेंढरं घेऊन कोकणात होते. उन्हाळा संपता संपता परतले, रेघ बघितली आणि काठी घेऊन बांधावर बसले.

"एक टिकाव पडू दे, पाय तोडतो."

इकडं माझ्या बागेत फळं गळायला लागली होती. पाण्याची पहिली पाळी तुमची, म्हणालो. त्यांनी तोंड फिरवलं. माझा पारा चढला. "तहसीलदाराकडं जातो!"

"जा की. येताना त्यालाबी घिऊन ये. तुजी रेघ दावतो."

तेवढ्यात आमच्या गटाच्या प्रमुख, शेजारच्या मळ्यातल्या वैनी आल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तात्यांच्या शेतात शिरल्या आणि चपलेनं फक्की पुसत या बांधापासून त्या बांधापर्यंत गेल्या.

"आवं वैनी! अर्धा दिस गेलाय माजा त्यात!"

"गेला तर गेला."

मग तात्यांपासून चार हात लांब बसल्या. ओच्यातल्या शेंगा फोडत म्हणाल्या, "तात्या, मेंढरं कशी हायत?"

तात्या घुश्श्यातच बोलायला लागले. वाटेत हरवलेली मेंढी. घाटात झालेली भांडणं. वैनींचं आपलं "व्हय" आणि "मग?" एवढंच. तिकडं माझी बाग वाळतेय आणि इथं मेंढरांची खुशाली!

बोलता बोलता तात्यांचा आवाज खाली आला. "मागंबी मी मेंढरांमागं हुतो तवाच तुमी गाडीवाट काढली. परत आलो तर माज्या रानातनं गाड्या पळत्यात. आता ह्यो पाइप. मी गावचा हाय का न्हाई?"

वैनींनी शेंगा खाली ठेवल्या. "चुकलं आमचं. पाइप कुठनं न्यायचा, तुमी सांगा."

तात्या उठले. काठीचं टोक मातीत रोवलं आणि ओढत निघाले. बोरीच्या झाडाला वळसा घालून, आपल्याच शेतातून, पार पलीकडच्या बांधापर्यंत. रेघ वाकडी होती. पाइप जास्त लागणार होता.

मी आयुष्यभर माणसं वळवली ती काहीतरी देऊन, नाहीतर दम भरून. या बाईनं काहीच दिलं नव्हतं. होतं ते पुसून टाकलं होतं, आणि माणूस स्वतःचं शेत दाखवत चालला होता.

पाणी आलं त्या दिवशी मी बाजारातून पाणीदार नारळ निवडून आणला होता. वैनींनी तो माझ्या हातातून घेतला आणि तात्यांना दिला. त्यांनी फोडला. पहिला तुकडा माझ्यापुढं धरला.

"घे गड्या. लय भांडलास."

बाग वाचली. पण नारळ माझा होता आणि रेघही माझीच सरळ होती, हे मी वैनींना अजून ऐकवतो. त्या शेंगा फोडत म्हणतात, "व्हय. मग?"

आणि मी बोलत राहतो.